वजन वाढलं, पण कशाचं?

प्रिय ताई,
मी २६ वर्षांची आहे. मी चार महिन्यांची असताना सिस्टिक फायब्रोसिसचं निदान झालं. हा जन्मजात जनुकीय आजार, यात घट्ट चिकट स्राव फुफ्फुसात साठतो आणि स्वादुपिंडाची वाट अडवतो, त्यामुळे अन्न नीट पचत नाही. तेव्हापासून घरात एकच जप ऐकत आले: खा, अजून थोडं खा. माझी उंची १५८ सेंटिमीटर, पण वजन कधी ४४ किलोच्या पुढे सरकलं नाही. अडीच वर्षांपूर्वी आजाराच्या मुळाशी काम करणाऱ्या, तीन औषधांच्या मॉड्युलेटर गोळ्या सुरू झाल्या. खोकला जवळजवळ गेला, श्वास मोकळा झाला आणि वजन ५६ किलो झालं. सगळे खूश आहेत. काट्यावर ५० आकडा दिसला त्या दिवशी आई रडली होती. पण मागच्या महिन्यात चरबी, स्नायू आणि हाडं मोजणारा डेक्सा स्कॅन झाला. त्यात शरीरातली चरबी ३४ टक्के आणि स्नायू कमी असं आलं आहे. तीन जिने चढले की दम लागत नाही, पण मांड्या भरून येतात. आरशात मी मलाच अनोळखी वाटते. आई अजूनही रोज संध्याकाळी मलई घातलेला मिल्कशेक हातात ठेवते आणि मी तो गुपचूप बेसिनमध्ये ओतते. अजून एक गोष्ट आहे, ती कुणालाच सांगितलेली नाही. जेवताना अन्न पचवणाऱ्या एन्झाइमच्या कॅप्सूल मी निम्म्याच घेते, म्हणजे खाल्लेलं अंगी लागणार नाही. माझं चुकतंय का? मी डाएट सुरू करू का?
— दोन वजनांमध्ये अडकलेली

प्रिय मैत्रिणी,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा शेवटच्या ओळींपाशी थांबले. म्हणून सुरुवातही तिथूनच करते. आज रात्रीच्या जेवणापासून कॅप्सूल पूर्ण घे. बाकीचं सगळं सावकाश बोलू, हे मात्र आजच.

रागावत नाही. मी आहारतज्ज्ञ आहे आणि या आजाराच्या मुलामुलींबरोबर बरीच वर्षं काम केलं आहे. कॅप्सूल कमी करून वजन आटोक्यात ठेवायचा विचार तुझ्याच मनात आला असं नाही. फक्त त्याबद्दल कुणी बोलत नाही. पण त्या कॅप्सूलमध्ये काय असतं ते नीट बघ. चरबी पचवणारं लायपेज असतं हे तुला ठाऊक असेल. त्याच्याबरोबर प्रथिनं पचवणारं प्रोटिएज आणि पिष्ट पचवणारं अमायलेजही असतं. कॅप्सूल अर्धी केलीस की प्रथिनांचं पचनही अर्धवट राहतं. म्हणजे स्कॅनमध्ये जे कमी आलं, त्या स्नायूंच्याच तोंडचा घास तू काढून घेते आहेस. न पचलेल्या चरबीबरोबर ए, डी, ई आणि के ही जीवनसत्त्वं वाहून जातात, त्यातली डी आणि के हाडांना हवी असतात. पोटात कळा, गॅस, तेलकट चिकट शौच हे तर आलंच. शिवाय लहान आतड्याच्या शेवटी चिकट मळ अडकून आतडं तुंबण्याचा धोका या आजारात आयुष्यभर असतो. पचन बिघडलं की तो वाढतो.

आणखी एक गोष्ट. तुझ्या मॉड्युलेटर गोळ्या चरबी असलेल्या खाण्याबरोबरच नीट शोषल्या जातात. ज्या औषधाने तुझा खोकला गेला, त्याची वाटही त्याच पचनातून जाते.

आता घाबरून कॅप्सूल दुप्पटही करू नकोस. वजनाच्या दर किलोमागे एका जेवणाला २,५०० आणि दिवसाला १०,००० लायपेज युनिट ही वरची मर्यादा साधारण सगळीकडे पाळतात, कारण खूप मोठ्या मात्रांचा संबंध मोठं आतडं आकसण्याशी लागला होता. तुझ्या ठरलेल्या मात्रेवर परत ये, एवढंच. आता गरज कमी झाली असेल असं वाटत असेल, तर शौचातल्या इलॅस्टेज या स्वादुपिंडाच्या एन्झाइमची तपासणी होते, ती करून घ्यायला सांग. अगदी लहान वयात मॉड्युलेटर सुरू झालेल्या काही मुलांमध्ये स्वादुपिंड थोडं सावरलेलं दिसलं आहे. मोठ्यांमध्ये तशी आशा फारशी धरता येत नाही.

आता आईच्या 'अजून थोडं खा'बद्दल. त्यामागे मोठा इतिहास आहे आणि तो तुला माहीत असावा असं मला मनापासून वाटतं.

अमेरिकेतल्या डॉक्टर डोरोथी अँडरसन यांनी १९३८ मध्ये या आजाराचं सविस्तर वर्णन केलं, तेव्हा तो स्वादुपिंडाचा आजार म्हणूनच ओळखला गेला. चरबी पचत नाही, मग चरबी बंद करा, असा सरळ हिशेब पुढे कित्येक वर्षं चालला. मुलांना कमी चरबीचं जेवण मिळायचं आणि ती उपाशीच राहायची. टोरोंटोमधले डॉ. डग्लस क्रोझिअर यांनी १९७० च्या दशकात हा हिशेब उलटा केला. चरबी काढू नका, एन्झाइम वाढवा आणि पोरांना पोटभर खाऊ द्या, असं त्यांचं म्हणणं. १९८८ मध्ये टोरोंटो आणि बोस्टन इथल्या रुग्णांची तुलना प्रसिद्ध झाली. बाकी उपचार बरेचसे सारखे, आहार मात्र वेगळा. वयाच्या मानाने फुफ्फुसांची ताकद दोन्हीकडे साधारण सारखी होती. पण टोरोंटोचे रुग्ण उंच होते, आणि निम्मे रुग्ण ज्या वयापर्यंत जगत होते ते वय बोस्टनमध्ये २१, तर टोरोंटोमध्ये ३० होतं. नऊ वर्षांचा फरक!

या नऊ वर्षांनी जगभरातल्या दवाखान्यांचं वागणं बदललं. निरोगी माणसाच्या ११० ते २०० टक्के उष्मांक घ्या, त्यातले ३५ ते ४० टक्के चरबीतून येऊ द्या, असं सांगितलं जाऊ लागलं. पुढे बीएमआयचं, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणाऱ्या आकड्याचं, लक्ष्यही ठरलं: बायकांसाठी किमान २२, पुरुषांसाठी किमान २३. तुझी आई जी तुझ्यामागे वाटी घेऊन फिरली, ती हेच ऐकून. त्या काळी ते बरोबरच होतं. तू आज २६ वर्षांची होऊन मला पत्र लिहिते आहेस, त्यात त्या वाटीचा वाटा आहे.

पण त्या शिस्तीने काही जखमाही केल्या. तपासणीच्या दिवशी काट्यावर चढण्याआधी एक मुलगा खिशात जुन्या बॅटऱ्या भरून यायचा. सात वर्षांचा होता. एकदा वाकला आणि त्या टणटण करत फरशीवर पडल्या. त्याची आई ओशाळली. तो मात्र माझ्याकडेच बघत होता, आता डॉक्टर ओरडणार का म्हणून. वजन म्हणजे शाबासकी, वजन म्हणजे जीव वाचणं, हे ज्याच्या मनावर इतक्या लहानपणी कोरलं गेलं, त्याला मोठेपणी स्वतःच्या अंगाकडे साध्या नजरेने बघणं जड जातं. आरशात तू स्वतःला अनोळखी वाटतेस, यात मला नवल वाटत नाही. त्याला उथळपणाही समजू नकोस.

मग तुझ्या शरीरात नेमकं काय झालं?

तुझ्यासारख्या तीन औषधांच्या गोळीला पहिली परवानगी अमेरिकेत ऑक्टोबर २०१९ मध्ये मिळाली. तिच्या मुख्य चाचणीत २४ आठवड्यांत श्वासाचा आकडा, म्हणजे एफईव्ही-१, नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांपेक्षा सुमारे १४ टक्के गुणांनी वर गेला आणि बीएमआय साधारण १ ने वाढला. याची कारणं एकाहून जास्त आहेत. आतड्यातला आम्लपणा कमी झाला की एन्झाइम जास्त चांगलं काम करतात. आतड्याची सूज उतरते. आणि नुसतं श्वास घेण्यात, जंतुसंसर्गाशी झगडण्यात जी शक्ती रोज जळत होती ती वाचते. तुझी आई तेवीस वर्षं गळक्या हौदात पाणी ओतत होती. गळती बऱ्यापैकी बुजली, पण नळ तसाच मोठा सोडलेला राहिला.

जास्तीचं पाणी कुठे साठलं, हा आता खरा प्रश्न. जास्त खाणं स्नायूत आपोआप जात नाही. स्नायूंना कामाची मागणी लागते. मागणी नसेल तर शरीर चरबी साठवतं, आणि मॉड्युलेटरनंतर वाढणाऱ्या वजनातला मोठा भाग चरबीचा असल्याचं अनेकांत दिसलं आहे. बीएमआय अगदी व्यवस्थित, पण आत चरबी जास्त आणि स्नायू कमी, अशी ठेवण या आजाराच्या प्रौढांमध्ये नवी नाही, गोळ्यांच्या आधीही ती सापडत होती. फुफ्फुसांची ताकद बीएमआयपेक्षा चरबी वगळलेल्या वजनाशी जास्त जवळून जोडलेली दिसते. श्वासपटल आणि बरगड्यांमधले स्नायू हेही शेवटी स्नायूच आहेत, आणि कफ बाहेर काढायलाही जोर त्यांचाच लागतो.

तुझे आकडे मांडून बघू. कागद-पेन घे. ५६ किलोंचे ३४ टक्के म्हणजे १९ किलो चरबी. उरले ३७ किलो. यात स्नायू, हाडं, अवयव, पाणी सगळं आलं. ३७ ला उंचीच्या वर्गाने, म्हणजे १.५८ गुणिले १.५८ ने भाग. उत्तर येतं १४.८. बायकांमध्ये हा आकडा १५ च्या खाली गेला की कमी धरतात. म्हणजे तू रेषेच्या जरा खाली आहेस. रेषा ओलांडायला अर्धा किलो पुरेल, पण थांबायचं तिथे नाही, दोन-तीन किलो स्नायू चढले तर जिने वेगळेच वाटतील. आणि बीएमआय? तो २२.४ आहे. लक्ष्यावर. पूर्वी १७.६ होता. तेव्हा तुला वजन कमी करायची गरज नाही. ५६ किलोच राहून आतली वाटणी बदलायची आहे.

म्हणूनच 'डाएट करू का' याचं माझं उत्तर स्वच्छ नाही असं आहे. उपासमारीच्या डाएटमध्ये चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि तुझ्याकडे ते उधळायला नाहीत. पुढे कधी फुफ्फुसात संसर्ग झाला, आठ-दहा दिवस अंथरुणात गेले, तर शरीर तिजोरी उघडतं ती स्नायूंचीच.

करायचं काय ते सांगते. मांड्या भरून येतात पण दम लागत नाही, हे तू लिहिलंस ते माझ्या दृष्टीने पत्रातलं सगळ्यात आशेचं वाक्य आहे. इतकी वर्षं फुफ्फुसं आधी थकायची, त्यामुळे पायांवर जोर पडायची वेळच आली नाही. आता फुफ्फुसं पुढे गेली आणि पाय मागे राहिले. त्यांना काम दे. घरात गुडघ्याइतक्या उंचीची, न हलणारी खुर्ची भिंतीला टेकवून ठेव. हात छातीवर बांध. एक मिनिटात किती वेळा पूर्ण उभी राहून परत बसता येतं ते मोज. फिजिओथेरपिस्ट हीच चाचणी दवाखान्यातही करून घेतात. आलेला आकडा कॅलेंडरवर लिही. मग आठवड्यातून दोन-तीन दिवस जोराचा व्यायाम कर: खुर्चीवरून उठणं-बसणं, पायरीवर चढणं-उतरणं, भिंतीला हात टेकून दंड, रबरी पट्टा ओढणं. शेवटच्या दोन-तीन खेपा जड गेल्या पाहिजेत. सोपं वाटायला लागलं की हातात थोडं वजन घे. चालणं, सायकल, पोहणं फुफ्फुसांसाठी चालूच ठेव, पण नुसत्या चालण्याने मांड्यांचे स्नायू वाढत नाहीत. याच व्यायामाने हाडांनाही ताण मिळतो, आणि तुझ्या आजारात हाडं लवकर विरळ होतात. डेक्सा झालाच आहे, तर हाडांची घनता काय आली तेही विचारून घे. सुरुवात करण्यापूर्वी फिजिओंना एकदा दाखव, विशेषतः पूर्वी कधी छातीत हवा भरली असेल किंवा खोकल्यातून रक्त आलं असेल तर.

खाण्यात चरबी हद्दपार करू नकोस. गोळ्यांसाठी ती लागतेच. पण मलई आणि साखर यांच्या जागी तेल, सुकामेवा, बिया, मासे अशी चरबी जास्त येऊ दे. प्रथिनं एकाच जेवणात कोंबण्यापेक्षा तिन्ही वेळा विभाग: अंडी, दही, दूध, कडधान्यं, मासे किंवा मांस, जे तुला आवडतं आणि घरात रुळलेलं आहे ते. युरोपातल्या आहार मार्गदर्शनात एकूण उष्मांकांपैकी साधारण २० टक्के प्रथिनांतून यावेत असं धरलेलं आहे. यकृत आणि मूत्रपिंडाचे रिपोर्ट बघून नेमके ग्रॅम तुझ्या आहारतज्ज्ञांकडून ठरवून घे. व्यायामानंतर तासा-दोन तासांत काही प्रथिनांचं खाणं पोटात गेलं तर उत्तम. कॅप्सूल तेव्हाही हवीच. दह्याच्या वाटीलाही!

साखरेबद्दल थोडं थांबून बोलते. या आजारातला मधुमेह प्रौढांमध्ये फार आढळतो, जवळपास निम्म्या जणांपर्यंत. म्हणूनच वयाच्या दहाव्या वर्षापासून दर वर्षी ग्लुकोज पिऊन रक्त तपासायचं असतं. नुसत्या एचबीए१सी वर, म्हणजे दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेच्या आकड्यावर, विसंबायचं नसतं, या आजारात तो फसवतो. आणि इथे एक धागा तुझ्या स्कॅनशी जुळतो. इन्शुलिन फक्त साखर उतरवत नाही, ते स्नायू बांधतंही. इन्शुलिन कमी पडू लागलं की साखर वाढलेली दिसण्याच्या आधीच स्नायू झिजायला लागलेले असू शकतात. तुझी ही तपासणी शेवटची कधी झाली? पत्रात उल्लेख नाही. वर्ष उलटून गेलं असेल तर आधी ती करून घे.

मिठाचंही तसंच. मॉड्युलेटरने घामातलं मीठ बरंच कमी होतं, त्यामुळे लहानपणीची 'वरून मीठ घे' ही सवय आता तशीच्या तशी लागू नाही. रक्तदाब दर भेटीत मोजून घे. पण उन्हाळ्यात किंवा घाम गाळणाऱ्या व्यायामाच्या दिवशी मीठ-पाणी स्वतःच्या मनाने तोडू नकोस. जीवनसत्त्वांची पातळीही तपास, कारण शोषण सुधारलं की जुन्याच गोळ्यांनी ए जीवनसत्त्वाची पातळी जास्त चढू शकते.

घरचा चरबी मोजणारा काटा विकत घ्यायच्या भानगडीत पडू नकोस. तो शरीरातल्या पाण्यावर अंदाज बांधतो, आणि तुझं पाणी-मीठ तर रोज वर-खाली होतं. सहा महिने ते वर्षभराने त्याच यंत्रावर पुन्हा डेक्सा करायचा का, हे डॉक्टरांशी ठरव. तोवर खुर्चीचा आकडा पुरे.

हे पत्र वाचणाऱ्या दुसऱ्या घरांसाठी दोन ओळी लिहिल्याशिवाय राहवत नाही. सगळ्यांच्या जनुकातल्या बदलावर या गोळ्या लागू पडत नाहीत, आणि पडतात त्या सगळ्यांना मिळतातच असं नाही. तुमच्या मुलाचं वजन अजून काट्यावर झगडत असेल, तर टोरोंटोचा धडा तुमच्यासाठी आजही तसाच खरा आहे. चरबी, उष्मांक, गरज पडली तर रात्री नळीने आहार, काहीही कमी करू नका. वर मी जे लिहिलं ते वाढलेल्या वजनाच्या माणसासाठी आहे. व्यायाम आणि प्रथिनं मात्र दोघांनाही सारखीच हवीत.

आता आई. शेक बेसिनमध्ये ओततेस हे तिला आज ना उद्या कळेल, आणि शेक वाया गेला म्हणून तिला दुःख होणार नाही, तू तिच्यापासून लपवलंस म्हणून होईल. स्कॅनचा कागद तिच्यासमोर ठेव. वर मांडला तो ३७ किलोंचा हिशेब तिलाच करायला दे. 'तू मला जाड केलंस' या सुरात बोलू नकोस, आणि 'आता मला काही लागत नाही' असंही म्हणू नकोस. तेवीस वर्षं जिने तुझा प्रत्येक घास मोजला, तिच्या हातातून ते काम असं एकदम काढून घेतलं तर ती रिकामी होईल. तिला सांग, आई, काम बदललंय. पूर्वी वजन चढवायचं होतं, आता स्नायू चढवायचे आहेत. संध्याकाळची वेळ तीच राहू दे. व्यायाम आटोपला की मलईच्या शेकऐवजी साखर न घातलेलं दही किंवा दोन अंडी तिने द्यावीत. ती देते ते तू तिच्यासमोर बसून खा, कॅप्सूल तिच्या देखत घे.

कॅप्सूल निम्म्या केल्याचं पुढच्या भेटीत डॉक्टरांना स्वतःच्या तोंडाने सांग. किती दिवस, किती कमी, सगळं. त्यांना ते कळलं नाही तर तुझे रिपोर्ट ते चुकीचे वाचतील. आरशाचा त्रास रोजचा झाला, जेवणाची भीती वाटू लागली, तर समुपदेशकांकडे पाठवायला त्यांनाच सांग. या आजाराच्या मोठ्या दवाखान्यांच्या टीममध्ये बहुधा समुपदेशक असतात.

आणि तीन महिन्यांनी मला पुन्हा लिही. वजन कळवू नकोस. एक मिनिटात खुर्चीवरून किती वेळा उठलीस, तो पहिला आकडा आणि तेव्हाचा आकडा, एवढं दोन्ही लिहून पाठव.

तुझी,
ताई